मागच्या दाराची खुर्ची

धुळ्याच्या बसस्टँडवर दोंडाईच्याच्या गाडीची वाट बघत देवपुरातले अभिमन आबा डोक्यावर उपरणं ओढून बसले होते. पाठीला पाठ लावलेल्या बाकावर त्याच पेठेतले किराणावाले मदनलालशेठ आणि भाजीवाल्या कमलबाई येऊन टेकले.

"कमलबाई, ऐकलं का? आपला हप्तेवाला पिंट्या दोन वर्षं तडीपार झाला!"

"झाला ना शेठ. पण चौकात त्याच्या वाढदिवसाचा फलक तसाच शे. त्याले कोण तडीपार करी?"

"म्हणे कोणीतरी पोलीस साहेबांपुढे गुपित जबानी दिली. कागदावर नाव येत नाही. पण फुटलं, तर त्याची पोरं दुकानासकट जाळतील."

आबांनी उपरणं हळूच कानामागे सरकवलं.

"मी नही दिली बुवा. तुम्ही?"

"मी? छे! पिंट्या दिसला की माझ्या हातून तराजू सुटतो."

"बरोबर शे. कोण जाई साहेबांच्या कचेरीच्या त्या मागच्या दाराने?"

"तेच तर. वर बसायला ती मोडकी खुर्ची."

"मोडकी? मी बसले तेव्हा तर चांगली धड होती!"

मदनलालशेठ गर्रकन तिच्याकडे वळले.

"कमलबाई..."

"शेठ, तुम्हीच बसून मोडली ना?"

"हळू बोला हो! कोणी ऐकेल."

आबा मान न वळवता म्हणाले, "घाबरू नका शेठ. मी गेलो तोवर खाली विटा लावल्या होत्या."