नानीबाईचं अठरावं घर

सन्माननीय अध्यक्ष अमृतरावजी, व्यासपीठावर बसलेले आमचे डॉक्टरसाहेब, क्षयोपचार केंद्राच्या समितीचे सर्व सभासद, आजच्या सत्कारमूर्ती पंचफुलाबाई पाईकराव, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बोलायला उभा राहिलो की मला आधी एक जुना आवाज ऐकू येतो. टिक, थाप, थाप. औंढ्याला नागनाथाच्या देवळामागच्या ओवरीत आम्ही वीस पोरं बसायचो. सरकारी शाळेत तेव्हा उर्दू. मराठी कविता शिकायची तर संध्याकाळी ह्या ओवरीत, आमच्या म्हाताऱ्या मास्तरांपुढे. अक्षर लघु असेल तर पाटीच्या चौकटीवर एक बोट वाजवायचं, गुरु असेल तर मांडीवर पंजा मारायचा. वीस पोरांची वीस बोटं एकदम वाजली की देवळाच्या शिखरावरची पाखरं उडायची. अठ्ठावन्न वर्षं झाली. मास्तर गेले, पोरंही बरीचशी गेली. आवाज तेवढा माझ्याकडे राहिला.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, निरोप पंचफुलाबाईंचा आणि आठवणी तुमच्या? थोडं सांभाळून घ्या. आणि बोलताना मी अधूनमधून दाराकडे पाहिलं तर तुमचा अनादर समजू नका. आमचा ड्रायव्हर शंकरसिंग सकाळी सातला जीप घेऊन सिद्धेश्वरकडे गेलाय. आता साडेपाच होत आले. जीपचा आवाज आला की मला खूण करा, माझे कान आता तितकेसे भरवशाचे नाहीत.

समितीनं मला सांगितलं, बाईंच्या सोळा वर्षांच्या नोकरीवर चार गोड शब्द बोला. बोलतो. ह्या केंद्रात टीबीचा माणूस आला की त्याला दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर महिन्याला यायचं आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायच्या. असे सहाशे चाळीस रोगी, दीडशे गावं आणि तांडे. ह्या पसाऱ्याला बाईंनी शिस्त लावली ती तीन वह्यांनी. एका वहीत माणसं, दुसरीत गावं, तिसरीत महिने. माणसाचा नंबर तिन्ही वह्यांत तोच. डॉक्टरसाहेबांनी विचारावं, "बाई, पुसेगावच्या कोणी भादव्यात गोळ्या नेल्या नाहीत?" बाई तिन्ही वह्या शेजारी शेजारी मांडायच्या, दोन बोटं दोन पानांवरून फिरवायच्या आणि चहा निवायच्या आत नावं सांगायच्या. गेल्या वर्षी आकडेवारी खात्याचा एक तरुण साहेब आला होता. तो म्हणाला, परदेशात आता मोठमोठ्या यंत्रांत असेच तक्ते ठेवू लागलेत, एका नंबरानं एकमेकांना बांधलेले. बाई हसून म्हणाल्या, "मंग त्यांना सांगा, हिंगोलीला या, आमी शिकवू."

पण ह्या वह्यांना एक प्रश्न विचारता येत नसे. महिन्यांच्या वहीत प्रत्येक रोग्याच्या नावापुढे अठरा घरं. गोळ्या नेल्या तर घरात काळा ठिपका, नाही नेल्या तर घर रिकामं. कोण, कुठला, कोणत्या महिन्यात, हे सगळं वही सांगे. एकूण किती, हे सांगत नसे. आणि डॉक्टरसाहेबांचा नियम तर एकूणवर: अठरापैकी सोळा घरं भरली की उपचार पुरा आणि कार्ड बंद. त्याहून एक जरी कमी भरलं, तरी माणसाला परत बोलवायचं. मग मोजा बोटानं, सहाशे चाळीस ओळी, दर तीन महिन्यांनी.

मी तेव्हा नुकताच केंद्रात नोंदी लिहायला बसू लागलो होतो. निवृत्त मराठी मास्तर, घरी बसून करणार काय? एक दिवस बाई वैतागून म्हणाल्या, "गुरुजी, नवव्या घरापाशी बोट घसरतंय बघा. परत पयल्यापासून मोजा. डोळे शिणले माझे. ह्याला काई इलाज न्हाई का?"

मी म्हणालो, "बाई, तीन-तीन घरं वाचा."

"काहून?"

"तीन घरांचं एक अक्षर होतं."

कवितेतले गण तुमच्यापैकी काहींना शाळेतून आठवत असतील. यमाताराजभानसलगा! ठिपका म्हणजे गुरु, रिकामं घर म्हणजे लघु. तिन्ही भरलेली असली तर म, त्याची किंमत तीन. तिन्ही रिकामी असली तर न, त्याची शून्य. य, र, त ह्यांची दोन. ज, भ, स ह्यांची एक. बस, एवढी आठच अक्षरं. अठरा घरं म्हणजे सहा अक्षरं. सहा अक्षरांची बेरीज तोंडी होते. मी पुठ्ठ्यावर तक्ता लिहून भिंतीवर टांगला, आणि बाईंनी वहीच्या उजव्या कडेला लाल शाईनं एक नवा रकाना आखला: 'एकूण'. दोन दिवसांत बाई तक्ता पाठ करून बसल्या. तिसऱ्या दिवशी मी म्हणतोय आणि त्या रकाना भरताहेत. पूर्वी आठ दिवस लागणारं काम एका दुपारचं झालं. आमचा कंपाउंडर जळबा खिडकीतून ओरडला, "गुरुजी रोग्यांची कविता करून राहिले! चाल लावा की, लग्नात म्हणता येईल."

खरं सांगू? मला ती कविताच वाटायची. म्हातारपणी कुणी आपल्याला आपलं हरवलेलं दप्तर आणून द्यावं, तसं झालं होतं. मी ओळी म्हणायचो, बोट आणि पंजा टेबलावर वाजवायचो, ओळ संपता संपता डोळे मिटायचो. डोळे मिटायचो, बंधुभगिनींनो. हे नीट ऐकून ठेवा.

शंकरसिंग आला का? नाही. ती एसटी असेल.

अध्यक्षमहाराज, आपल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत ह्यापुढचं नाही. गेल्या मंगळवारी बाई नव्या नर्सबाईंना चार्ज देत होत्या. जाण्याआधी सगळं ताडून द्यायचं म्हणून त्यांनी बंद झालेली कार्डं काढली आणि जुन्या पद्धतीनं, एकेका घरावर बोट ठेवून मोजली. मग मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता.

"गुरुजी, नानीबाईची ओळ म्हणा."

नानीबाई सिद्धेश्वरकडच्या एका तांड्यावरची. चाळिशीची असेल. तिची ओळ मला पाठ होती. म्हणालो, "म म य, म र म. एकूण सोळा."

"शेवटलं अक्षर काय म्हणले?"

"म."

"अठरावं घर रिकामं हाय गुरुजी. हितं 'त' येतोय. 'म' न्हाई."

मी सहज म्हणालो, म्हणजे अगदी शाळेतल्यासारखं म्हणालो, "बाई, ओळ संपते ना तिथं. ओळीचं शेवटचं अक्षर लघु असलं तरी ओढून गुरु म्हणायचं. तिथं पंजाच मारायचा."

बाईंनी त्या रिकाम्या घरावर बोट टेकवलं. "ओळ न्हाई ती गुरुजी," त्या म्हणाल्या. "बाई हाय ती. तिनं गोळ्या नेल्याच न्हाईत."

माझ्या मास्तरांनी शिकवलेला तो नियम कवितेसाठी खराच आहे. छडी मारून शिकवला होता. तो माझ्या हातात इतका मुरला की सहा वर्षं मी प्रत्येक ओळीच्या शेवटी पंजा मारला आणि शेवटचं रिकामं घर भरून टाकलं. कुणाला तपासावंसं वाटलं नाही, कारण गुरुजी म्हणताहेत. आम्ही दोघांनी दोन दिवस बसून सगळ्या वह्या पुन्हा मोजल्या. बहुतेकांना त्यानं फरक पडत नव्हता. चार माणसं मात्र अशी निघाली की ज्यांचे पंधरा झाले होते, मी सोळा म्हणालो, आणि कार्ड बंद झालं. पुसेगावचा एक, औंढ्याचे दोघं, ते सापडले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डॉक्टरसाहेबांनी छाती तपासली, बरे आहेत. चौथी नानीबाई.

डॉक्टरसाहेबांनी मला समजावलं तेव्हा माझी झोप गेली. औषध अर्धवट सुटलं तर रोग दबून बसतो, आणि परत उठला की मग त्याच गोळ्यांना जुमानत नाही. नानीबाईचं कार्ड बंद होऊन पाच महिने झाले. पाच महिन्यांत आपण तिला एकदाही बोलावलं नाही. का बोलावणार? वहीत सोळा होते.

शंकरसिंग बुधवारी तांड्यावर गेला. तिथले नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, भीमसिंग म्हणाले, "ती गेली पोरीकडं."

"कोणत्या गावाला?"

"मला काय ठावं? पोरी तीन हायत तिला. जाताना लई खोकत व्हती, येवढं ठावं हाय."

दोन मुलींची घरं झाली, तिथं ती नाही. तिसरीचं घर शोधायला आज जीप गेलीय. बाई सकाळी म्हणत होत्या, "गुरुजी, कार्यक्रम पुढं ढकला, मी बी जाते जीपमंदी." पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. म्हणून त्या इथं बसल्यात. बघा त्यांच्याकडे. मी त्यांचं कौतुक करतोय आणि त्यांचं लक्ष दाराकडे आहे.

आणखी एक. चार्जच्या कागदावर लिहिलंय, 'मोजणीतील चुकीमुळे चार कार्डे वेळेआधी बंद झाली.' खाली सही आहे पंचफुलाबाईंची. मी विचारलं, बाई, हे काय? म्हणाल्या, "रकाना माझा हाय ना. आन् तुमी काही नोकरीवर न्हाईत, तुमाला काहून तकलीफ?" अध्यक्षमहाराज, समितीचे सभासदहो, सोळा वर्षं एकाही रोग्याचा हात न सोडलेल्या ह्या बाई आहेत. चूक त्यांची नाही. चूक त्यांनी शोधली. चूक माझी आहे, आणि हे ह्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं अशी माझी विनंती आहे. भिंतीवरचा तक्ता मी काढलेला नाही, तो खरा आहे. त्याच्याखाली एक ओळ मात्र परवा लिहिली: 'शेवटचं घर दिसेल तसं मोजा.' नव्या नर्सबाईंनी ती ओळ माझ्यादेखत तीनदा वाचावी.

माझं बोलणं संपत आलं. समितीनं मला इथं उभं केलं, डॉक्टरसाहेबांनी माझ्यावर न रागावता ऐकून घेतलं, तुम्ही उन्हातून चालत आलात, सगळ्यांचे आभार. भाषणात कुणाचा मान राहून गेला असेल, काही अधिकउणं निघालं असेल, तर पोटात घाला, असं आपण रिवाजानं म्हणतो. आज मी ते रिवाजानं म्हणत नाही. भाषणाबाहेरचीही माझी एक चूक आहे, तिची माफी द्यायचा अधिकार ह्या सभेला नाही; जिला आहे ती कुठं आहे हे आम्हाला ठाऊक नाही. बाई, तुम्हाला उदंड...

कोण आहे? दारात कोण आलंय? पोरांनो, वाट द्या. शंकरसिंग आला का? जीप तर वाजली नाही...

या. या, आत या बाई. बसा आधी, दम घ्या. जळबा, पाणी आण.

काय म्हणता? पुन्हा म्हणा, सगळ्यांना ऐकू द्या. नाही बोलवत? बरं, मी सांगतो. ऐका हो. ह्या नानीबाई. एसटीनं आल्यात, आपल्या आपण, कुणी आणायला गेलं नव्हतं. म्हणताहेत, "माजे पंधराच झालेत गुरुजी. दिवाळीचा गेला, पोरीच्या बाळंतपणाचा गेला, आन् माय मेली तवाचा गेला. तीन ऱ्हायले. आन् बाई जाऊन राहिल्या म्हणं, त्या जायच्या आधी घेऊन जावं म्हून आले."

पंधरा. बरोबर आहे, नानीबाई. पंधराच.

खोकू द्या तिला, घाबरू नका, दार उघडं राहू द्या. डॉक्टरसाहेब, तुम्ही... हो, या. अध्यक्षमहाराज, सत्कारमूर्ती गळ्यातला हार काढून व्यासपीठावरून उतरताहेत. त्यांना अडवू नका.