पाठीचं कापड

—शिवणयंत्राचा आवाज, जावईबापू. मला तेच वाटलं होतं तेव्हा. लहान होतो मी, भर दुपार, आणि पलीकडच्या खोलीतून घुर्र-घुर्र, घुर्र-घुर्र, एकसारखं, थांबणं नाही. म्हटलं, आई मशीनवर बसलेली दिसते. आणि आई तर माझ्या शेजारीच झोपलेली! मग मशीन कोण चालवतंय? जाऊन बघतो तर कपड्यांच्या ट्रंकेत मांजर, आणि तिच्या पोटाशी एक ओलं, बोटभर काहीतरी. वेणा देता देता घुरघुरत होती हो ती. दुखतंय तरी घुरघुरतेय. मांजरं तशीच. आपल्याला वाटतं खुशीत आहे. — बसा ना, उभे का? त्या स्टुलावर नको, त्याचा पाय निखळलाय, फोमच्या गठ्ठ्यावर बसा. आणि जरा हळू... म्हणजे तुम्ही नाहीच बोललात तरी चालेल. मी बोलतो. एरवी मी बोलत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. लग्नात तुमच्या मामांनी विचारलं होतं ना कुणाला तरी, मुलीचे वडील मुके आहेत का म्हणून? ऐकलं होतं मी. मुका असलो तरी बहिरा नव्हतो.

आत नका जाऊ. आत्ता नको, पोरगी बसलीय तिथं. पडद्यामागे सोफा आहे, त्या सोफ्यात मांजर आहे — सोफ्यावर नाही, सोफ्यात — आणि ती व्यायला टेकलीय. आता सोफ्यात कशी गेली? तर माझ्यामुळेच. पाठीचं कापड मी सगळ्यात शेवटी ठोकतो. बाकीचे एका दिवसात सोफा शिवून, ठोकून मोकळे होतात, पण माझी पद्धत अशी, की आतले पट्टे ताणायचे, कापूस भरायचा, आणि मागची बाजू उघडीच ठेवून एक-दोन दिवस जाऊ द्यायचे. पट्टे सैल पडले तर मागून हात घालून पुन्हा ओढता येतात. मग शेवटी कापड, मग बारीक खिळे. तर ती मागची बाजू उघडी, आत अंधार, ऊब, कापूस — तिला आणखी काय पाहिजे? मी तिच्यासाठी खोका केला होता हो! चांगला लाकडी, आत मखमलीचे तुकडे, दार गोल कापलेलं. आठवडाभर तिला उचलून त्यात ठेवतोय. ठेवलं की बाहेर. ठेवलं की बाहेर. वर माझ्याकडे असं बघायची, की या म्हाताऱ्याला झालंय तरी काय. आणि मग स्वतःच जागा शोधली.

दातांच्या डॉक्टरांचा सोफा आहे तो. सकाळी त्यांचा माणूस येऊन गेला, म्हणाला, पेशंट उभे आहेत. मी म्हटलं, उभे राहिले तर पळून जायला बरं पडतं त्यांना. हसला नाही. म्हणाला, उद्या टेम्पो आणतो. आण म्हटलं. उद्याचं उद्या.

घड्याळ नका बघू, जावईबापू. मला समजतंय, तुम्ही गाडी घेऊन आलात, पोरीची बॅग भरून घ्यायची आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. तुमच्या आईंनी सांगितलं असेल, आता पुरे झालं, किती दिवस माहेरी बसायचं. मी नाही म्हणत नाही. तुमची बायको आहे. माझं म्हणणं एवढंच, की आज नको. का नको? कारण काल सकाळपासून मांजरीनं खाणं टाकलंय. दुधाच्या वाटीकडे ढुंकून बघत नाही. काल दिवसभर नुसती येरझाऱ्या घालत होती, माझ्या पायात, शिलाईच्या टेबलाखाली, कापडाच्या ताग्यांवर, जमीन उकरायची, परत उठायची. पोट खाली उतरलंय. आणि एक लक्षात आलं माझ्या — ती पोरीच्या मागे मागे फिरायची. माझ्या नाही. खायला मी घालतो, आणि फिरते तिच्या मागे! पोरगी उठली की ही उठायची. पोरगी बसली की ही बसायची. शेवटी पोरगी तिला म्हणाली, "अगं, मला काय विचारतेस? मला कुठे जमलं?"

... तर, असं म्हणाली. मांजरीला म्हणाली. माझ्याशी नाही. इथं आल्यापासून माझ्याशी कामापुरत्या दोन शब्दांपलीकडे काही नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून तुमच्याशी तरी कुठे बोलली ती. पण मांजरीशी बोलते. काल दुपारी मी इथं कापड बेतत होतो आणि आतून आवाज, दबका, बराच वेळ. मी कात्री खाली ठेवली. कात्रीचा आवाज नको म्हणून. पाळण्याचं सांगत होती. घरी आली तर कोपरा रिकामा. पाळणा नाही, ती टोपडी नाहीत, काही नाही. जणू काही झालंच नव्हतं. — नाही, नाही, तुम्ही बोलू नका, मला माहीत आहे, तुम्ही तो तिच्या भल्यासाठीच हलवलात. दिसला तर रडेल म्हणून. मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी असतो तर पाळण्याबरोबर पलंगही हलवला असता. पण तिला तो बघायचा होता म्हणे. एकदा. हात लावून.

काय गं?... हो, हो, आलो. गरम पाणी? ठेवतो. ... कोण? कोणी नाही गं. गिऱ्हाईक आहे. उशांचं विचारतंय.

... असं बघू नका. काय सांगणार होतो मी? तुमचं नाव घेतलं असतं तर ती उठली असती. आणि ती उठली की ती मांजर उठते, अर्ध्यातून उठते, आणि मग आतल्या आत अडकलं म्हणजे? सकाळपासून एक टाका घातलेला नाही मी. मला मांजरीची भीती नाही, तिची ती बघून घेईल. पण जावईबापू, चार पिल्लं झाली आणि त्यातलं एखादं हललंच नाही तर? होतं ना तसं. मांजरांत होतं. आणि ते आधी हिच्याच हाताला लागलं तर? सोफ्यात हात घालून बसलीय ती. मी म्हटलं, तू ऊठ, मी बसतो. नाही म्हणाली. मी म्हटलं, जनावरांच्या डॉक्टरला बोलावतो. नाही म्हणाली. पण नाही म्हणताना माझ्याकडे बघितलं तरी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आता तिला तिथून कसं उठवू? आणि कसं बसू देऊ? सांगा ना. — नका सांगू.

संध्याकाळ झाली की एवढंच विचारते ती, बाबा, दुकानाच्या फोनवर कुणाचा फोन आला होता का. तिचा फोन तिनंच बंद करून कपाटात टाकलाय ना, म्हणून. मी म्हणतो, नाही, कुणाचा नाही. ती बरं म्हणते आणि भांडी घासायला... 

हां. म्हणजे... तुमचे आले होते. रोज आले होते, मला ठाऊक आहे, मीच तर उचलत होतो. मला वाटलं, जरा स्थिर होऊ दे. फोन आला म्हटलं की परत सगळं वर येणार. आज सांगू, उद्या सांगू. तुम्ही... बसा, बसा हो. उठू नका. ओरडायचं तर माझ्यावर बाहेर गल्लीत जाऊन ओरडा, मी येतो बरोबर, पण इथं नको. बघा, पाणी उकळायला लागलं. मी आधी पाणी —

अगं, तू कशाला उठलीस? मी आणतच होतो... झालं? किती? एक? हलतंय ना? बोल की, हलतंय ना?

...हलतंय म्हणते मान. बरं. बरं. अगं, हे... मी तुला सांगणारच होतो. गिऱ्हाईक नाही ते. तुला दिसतंयच म्हणा. आत्ताच आले. म्हणजे आत्ताच नाही, मघाशीच आले. आणि फोनचं तू ऐकलंस का सगळं? पडद्याला काय, कान असतात की नाही... रागावू नकोस पोरी. तिकडे एकटी नको सोडूस तिला, दुसरं येत असेल. बॅटरी दे इकडे, मी धरतो तुला उजेड. दे. आण इकडे.

...

गेली आत.

आता माझ्याकडे काय बघता, जावईबापू? बॅटरी माझ्या हातात नाही दिली तिनं. तुमच्या हातात दिलीय. सोफ्याच्या मागून जा, वाकून. आणि तिच्या डोळ्यांवर नका पाडू उजेड. जा —