जिथं दाबावं तिथं पशुखाद्य

"हॅलो? … हॅलो, कोण? … धनलक्ष्मी अक्का होय, बोल बोल. पोचलीस डेअरीत? फ्लॉप्या नीट चढल्या? … स्वल्प मोठ्यानं बोल, खाली रिक्षावाले भांडताहेत. … हं, आता. काय दिसतंय?"

बेंगळुरात, जयनगरच्या एका दर्शिनीच्या, उभ्यानं इडली खायच्या हॉटेलच्या, डोक्यावर चार खोल्यांत थाटलेली ती सॉफ्टवेअर कंपनी. गिरीराजच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात इडली. ती इडली सांबारापर्यंत काही पोचली नाही.

"पशुखाद्य. बरं, मग? पशुखाद्य उघडलंस तर पशुखाद्यच… दूध-संकलन दाबलंस? आणि पशुखाद्य आलं? … फॅट तपासणी दाब बघू. … पशुखाद्य. … सभासद? … अगं, एकदा बंद करून परत चालू कर ना. … केलंस. … हं. … आप्पाजीमामांनी स्वतः दाबलं? चेअरमनांनी दाबलं तरी… हं. पशुखाद्यच.

"मागं कोण हसतंय? … सगळे? अख्खं गाव कशाला बोलावलंस, अक्का? … हो, हो, मामांनी बोलावलं, भाची कॉम्प्युटर घेऊन येणार म्हणून. … नारळ फोडला. … हारही घातला. मशीनला? … बरं."

गिरीराजच्या डोक्यानं कबूल करायच्या आधी त्याच्या कानांनी कबूल केलं. ते असे तापले की रिसीव्हर वितळला नाही ही टेलिफोन खात्याची कृपा.

"अक्का, ऐक ना… तुझ्या त्या स्क्रिप्टमध्येच काहीतरी असेल. … तीच गं, प्रोग्रॅमच्या सगळ्या भागांना मिळून एकच लिहिलीस ती. भागाचं नाव सांगितलं की तो भाग बांधून देणारी. … मी? मी काय, तू सांगितलंस तशी चालवली. … हात? हात नाही लावला. … म्हणजे, उघडून बघितली असेल. … तपासलं की. पशुखाद्य उघडून बघितलं, ठणठणीत होतं. … बाकीचे… अगं, शितावरून भाताची परीक्षा. सगळे एकाच स्क्रिप्टमधून निघालेले, एक बरोबर म्हणजे… हं. … हं. नाही बघितले बाकीचे."

शेजारच्या टेबलावर व्यंकोजीची बोटं कीबोर्डवर थबकली. मान मात्र शहाण्यासारखी खालीच.

"सर नाहीत. मारतहळ्ळीला प्लॉट बघायला गेलेत. त्या रानात कोण राहणार, देव जाणे. … नको, त्यांना नको सांगायला. … तू काय सांगितलंस तिथं? … 'स्क्रिप्ट माझी, चूक माझी'? इतक्यात कशाला सांगायचं, अक्का? … माईक? कसला माईक?"

त्या डेअरीची एक रीत होती. ज्याच्या कॅनात पाणी सापडेल, त्यानं भोंग्यावर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी पाणी घातलं. चेअरमनच्या भावालाही सुटका नाही. आणि भोंगा कसला, तर त्याच्या आवाजानं नदीपलीकडच्या म्हशी पान्हा सोडायच्या आणि कॅन इकडचे भरायचे, असं त्या भागातले लोक सांगतात. त्यांचं मी खोटं कशाला करू?

"म्हणजे तू आता उठून सांगणार? भोंग्यावर? … चूक कबूल केली म्हणून? … आणि तुझी आई? … पुढच्याच रांगेत. … नवं लुगडं नेसून. … अक्का, जाऊ नकोस. … मामांना म्हणावं थांबा. … थांब गं, मी सांगतो म्हणून थांब. उघडतोय स्क्रिप्ट. … हं. … आहे.

"माझी ओळ आहे ती, अक्का. तपासताना दर खेपेला नाव द्यायचा कंटाळा आला. आतच लिहून टाकलं, पशुखाद्य. काढायचं राहिलं. … हो. … हो. … रड नको ना. फोन मामांना दे. … दे म्हणतो ना.

"नमस्कार आप्पाजीमामा. मी गिरीराज, अक्काबरोबर काम करतो. … हो, तोच. चूक तिची नाही, मामा. तिची स्क्रिप्ट चांगली आहे. नाव सांगाल तो भाग बांधते. मी आत एक नाव कोंबून ठेवलं, मग बाहेरून काहीही सांगा, ती पशुखाद्यच बांधत बसली. पाट्या वेगळ्या, माल एक. … हो, कॅन वेगळे आणि सगळ्यांत पेंडच. … तुम्हाला सांगून भागणार नाही? … सगळ्यांना? फोनवरून कसं… माईक रिसीव्हरला बांधताय? टॉवेलनं? … मामा, इथं ऑफिसात माणसं आहेत. … सरी. … सरी मामा, बरं. बांधा."

गिरीराज उठून उभा राहिला. उभं राहा असं कुणी म्हटलं नव्हतं. इडली त्यानं व्यंकोजीच्या टेबलावर ठेवली.

"मंडळी, नमस्कार. मी गिरीराज, बेंगळूरहून बोलतो. तुमच्या कॉम्प्युटरवर जे झालं ते मी केलं. धनलक्ष्मीनं नाही. मी एकच भाग बघितला आणि सगळे बघितले म्हणून पाठवून दिले. तिनं विश्वासानं आणले. तिला हसू नका. … एवढंच."

तारेतून त्याचाच आवाज क्षणभरानं परत आला, भोंग्यातून, म्हशीच्या घशातून आल्यासारखा. 'एवढंच.'

"हॅलो? … अक्का, तू घेतलास फोन? … हसले का? … नाही? … आज रात्रीच्या गाडीनं निघतो, सगळे भाग परत बांधून. एकेक उघडून बघतो आणि मगच. … नाही, कुरिअर नको, मीच येतो. … अक्का, एक सांगू? रागवशील. … तू 'पशुखाद्य' म्हणालीस ना, पहिल्यांदा, तेव्हाच मला कळलं होतं. तरी तुझ्याच माथी मारत होतो. तू उठून माईककडे गेली असतीस, तर मी इथं गप्प बसलो असतो बहुतेक. … काय? … माईक अजून बांधलेलाच आहे?"

व्यंकोजीनं आता मान वर केली होती.

"असू दे. … नको, सोडवू नकोस. … ऐकलं सगळ्यांनी? … आईनंही. … बरं."

आणि भोंग्यात खट्ट वाजू नये म्हणून त्यानं फोन अगदी हळू ठेवला.