जुनी गिटार भारी की नवी

हा वाद माझ्यासमोर नका काढू यार. मी आणि घाटकोपरचा संदेश त्यावरून कॉलेजपासून भांडत आलोय. तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याची इलेक्ट्रिक गिटार त्याच्याहून म्हातारी. म्हणायचा, "लाकूड मुरलंय रे तिचं, लोणच्यासारखं. नवीत ती चव नाही."

मी नवी घेतली आणि थेट त्याच्या घरी नेली. म्हटलं, "आज फैसला. तू भिंतीकडे तोंड कर. मी दोन्ही वाजवतो, तू ओळख."

तो आढेवेढे घेत होता, पण वळला. आत त्याची आई झोपली होती, म्हणून आवाज बारीक ठेवला. आधी त्याची वाजवली, मग माझी. विचारलं, "बोल, कुठली आवडली?"

 तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "अरे, सुरू कर ना."

"संद्या, नाटकं नको."

 तो तसाच वाट बघत उभा.

त्याची बायको मनीषा स्वयंपाकघराच्या दारात आली. हळूच म्हणाली, "भाऊजी, पाठमोरं त्याला नाही ऐकू येत. समोर असलं की ओठ वाचतो. ऑर्केस्ट्रात अजून कुणाला सांगितलं नाहीये."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला, आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं.

"जुनीच भारी ना?" त्याने विचारलं.

"जुनीच," मी म्हटलं. सावकाश, ओठ नीट हलवून.