बाथरूममधल्या फर्नबाबत आणि काहीही न नेणाऱ्या चोराबाबत

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न वर्षे, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात नोकरी, राहणार पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे दार, आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. पूर्वी आम्ही दोघे राहत होतो. याचा तक्रारीशी संबंध नाही, परंतु ठाणे अंमलदारांनी 'घरात कोण कोण' हा रकाना दाखवला म्हणून सांगते. माझे पती गेल्या हिवाळ्यात वारले. मी दिवसभर दुकानात असते, तेव्हा घराला कुलूप असते. किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये, एक कपाटात. तिसरीही आहे, हे मला आज दुपारी समजले.

माझ्या घरात फर्नचे एक झाड आहे. काळ्या केसासारखे देठ, आणि पाने अशी की समोरच्या दारातल्या बाईंनी एकदा कोथिंबीर समजून चार काड्या मागितल्या होत्या. हे झाड पतीने आणले, वाढवले आणि बाथरूममध्ये, खिडकीखालच्या फळीवर, दाढीच्या सामानाशेजारी ठेवले. बशीत खडे, खड्यांत पाणी, त्यावर कुंडी. पतीची आंघोळ ही आंघोळ नसून मुक्काम असे. कडकडीत पाणी, दार बंद आणि आतून बोलण्याचा आवाज. मी बाहेरून विचारत असे, "आत आणखी कोणी आहे का?" ते म्हणत, "आहे. पण ते मध्येच बोलत नाही." ते बाहेर आले की आरशावर वाफ, भिंतींना थेंब आणि गीझर रिकामा. माझ्या वाट्याला गार पाणी. याबाबत मी लग्न झाल्यापासून तोंडी तक्रार करत आले. लेखी देण्याची वेळ आली नाही.

पती वारल्यानंतर मी ते झाड बाहेरच्या खोलीत, खिडकीत, पंख्याखाली ठेवले. कारण विचारले असता सांगते की, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे म्हणून. माणसाची आठवण संडासाशेजारी ठेवणे बरे दिसत नाही. ऊन होते, वारा होता, रोज सकाळी पेलाभर पाणी मी घालत होते. झाडाला आणखी काय लागते, असे माझे तेव्हाचे मत होते. पाने आधी कडेने तांबूस झाली, मग कुरकुरीत, मग हात लावला की जुन्या वर्तमानपत्रासारखी मोडू लागली. मी पाणी वाढवले. मग कमी केले. मग त्याच्याशी बोलणे सोडले. तसे मी कधी फार बोलत नव्हतेच.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दुकानातून आले तेव्हा झाड खिडकीत नव्हते. ते बाथरूममध्ये, जुन्या फळीवर होते. मला वाटले, मीच ठेवले असेल. एकटे राहणारे माणूस आधी स्वतःवर संशय घेते, कारण संशय घ्यायला घरात दुसरे कोणी नसते. मी ते उचलून परत खिडकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फळीवर. मी पुन्हा खिडकीत. असे काही दिवस चालले. चोर हट्टी होता, आणि मी काही कमी नाही. कुलूप शाबूत, कपाट शाबूत. चोराची नियत तपासावी म्हणून मी एके दिवशी टीव्ही दारापाशी सरकवून गेले. त्याची दखल घेतली गेली नाही.

त्यानंतर एक दिवस झाड बोडके झालेले आढळले. सगळ्या काड्या मातीलगत कापलेल्या, न्हाव्याकडून आणल्यासारख्या. वाळलेला पाला कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात नीट ठेवलेला. मी त्याच पावली या ठाण्यात आले. येथील हवालदारांशी माझे पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"काय गेलं?"

"काही नाही."

"काही तुटलं-फुटलं?"

"झाड कापलंय."

"कुंडी नेली?"

"नाही. उलट बशीतले खडे घासून ठेवलेत."

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "बाई, चोरी म्हटली की काहीतरी जावं लागतं हो. आणि हा चोर परत आला तर इकडे पाठवा." त्यांनी ठाण्याच्या खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवले. "तिच्यात सध्या आम्ही उरलेला चहा ओततो."

तक्रार घेतली गेली नाही. कुलूप बदला, असा सल्ला मिळाला. मी कुलूप बदलले नाही. का बदलले नाही, असे अंमलदारांनी आत्ता विचारले. आधी वेळ झाला नाही. नंतर मनात आले नाही. हे नंतर म्हणजे कधी, ते पुढे सांगते.

पुढल्या आठवड्यात दुकानातली वीज गेली आणि मालकांनी दुपारीच सुट्टी दिली. मी घरी आले, दार उघडले. घरात ओल्या मातीचा वास होता. बाथरूमच्या आरशावर वाफ धरली होती. चष्म्याच्या दुकानात असल्याने वाफ धरलेल्या काचेबद्दल मला माहिती आहे. वाफ कडेकडून आत विरत जाते. हा आरसा कडांनाही पांढरा होता. याचा अर्थ, माणूस नुकताच बाहेर पडला होता. आमच्या घरात आरशावर अशी वाफ मागे ठेवून जाणारी व्यक्ती मला एकच माहीत आहे.

त्या वेळी मी हाक मारली. कोणाला मारली, ते जबाबात घेण्याची आवश्यकता नाही. काचा पुसणे हे माझे रोजचे काम आहे, तरी तो आरसा मी पुसला नाही. तो आपोआप कोरडा होईपर्यंत मी बादली उपडी करून तिथेच बसले होते.

त्यानंतर मी पुन्हा ठाण्यात आले व हवालदारांना म्हणाले, "आता गेलंय काहीतरी. लिहून घ्या."

"काय गेलं?"

"ते सांगता येत नाही. पण लिहून घ्या."

या वेळी हवालदारांनी पेन खाली ठेवले नाही. म्हणाले, शेजाऱ्यांना कान द्यायला सांगा, आत कोणी असल्याचा आवाज आला की बाहेरून कडी घालायची आणि आम्हाला फोन करायचा. समोरच्या दारातल्या बाईंना मी तसे सांगितले. कान देण्याचे काम त्या पूर्वीपासून करतच होत्या. आता त्याला सरकारी मान्यता मिळाली.

आज दुपारी मला दुकानात त्यांचा फोन आला, की चोर आंघोळ करतोय. मी व हवालदार एकाच वेळी पोहोचलो. बाई छत्री उगारून दारापाशी उभ्या होत्या. कडी बाहेरून घातलेली होती आणि आतून आवाज येत होता, "कडी कोणी घातली? हा काय खेळ मांडलाय?" तो आवाज मी ओळखला. हवालदारांनी कडी काढली. तोवर आवाज पुन्हा बाथरूममध्ये गेला होता. आम्ही गेलो तेव्हा गरम पाण्याचा नळ सुरू होता आणि उपड्या बादलीवर एक महिला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात फवाऱ्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. समोर फळीवर कुंडी. त्यांनी मान न वळवता म्हटले, "आलीस? आधी दार लाव. वाफ जातेय."

हवालदारांनी दार लावले. आतून. त्यामुळे मी, हवालदार, समोरच्या बाई, त्यांची छत्री आणि सदर महिला असे सगळे वाफेत उभे राहिलो.

हवालदारांनी विचारले, "आपण कोण?"

"मी याची आत्या," असे सदर महिलेने झाडाकडे बोट दाखवून सांगितले.

खुलासा असा की, सदर महिला माझ्या पतीच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या नणंद. शाळेत खेळाच्या बाई होत्या, आता निवृत्त आहेत, पण गळ्यात अजून शिट्टी असल्यासारख्या बोलतात. आम्हाला मूल नाही. तो रकाना मघाशी मी रिकामा सोडला होता. पती गेल्यानंतर नणंद माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "मला त्याचं घड्याळ नको, काही नको. ते झाड तेवढं दे." मी म्हणाले, "वन्सं, झाड घरचं आहे." त्या म्हणाल्या, "मग घरच्यासारखं वागव त्याला." त्यानंतर आमचे बोलणे बंद आहे. ते कोणी बंद केले, याबाबत दोघींची मते वेगळी आहेत.

बाथरूममध्ये झालेले बोलणे, हवालदारांनी ऐकले तसे, पुढीलप्रमाणे आहे.

मी म्हणाले, "किल्ली कुठून आली?"

"त्याने दिली. दवाखान्यात जायच्या आधी. म्हणाला, ताई, ही गार पाण्याची बाई, माझ्यामागे झाडाचं कठीण आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू कुलूप बदललं असतंस."

हे विधान खरे आहे.

"आणि ठेवलंस कुठे? उन्हात! पंख्याखाली! अगं, त्याला ओल लागते. सावली लागते. वारा लागला की संपलं."

"दिसावं म्हणून ठेवलं होतं, वन्सं."

"दिसायला तो काय चष्मा आहे?"

"मग कापलंत कशाला?"

"वाळल्या काडीला रोज पेलाभर पाणी पाजून काय करणार होतीस? जमिनीलगत कापायचं, माती सुकू द्यायची नाही, वाफ कोंडायची आणि गप्प बसायचं. तुला गप्प बसणं तेवढं जमलं. बघ आता. खाली वाकून बघ."

मी वाकून पाहिले. मातीच्या जरा वर, बोडक्या खुंटांच्या मधून, बारीक काड्या आल्या होत्या. टोके तान्ह्या मुलाच्या मुठीसारखी आत वळलेली. हवालदारांनीही टोपी काढून पाहिले. समोरच्या बाई म्हणाल्या, "मला तर अजून कोथिंबीरच वाटते."

हवालदारांनी सदर महिलेला विचारले, की झाडाला वाफ द्यायची तर पाणी सोडून निघून जाता आले असते, दार लावून स्वतः आत बसण्याचे कारण काय. त्या म्हणाल्या, "झाडासाठीच. आणखी कोणासाठी?" कुंडीवर एक फवारा मारला आणि म्हणाल्या, "लहानपणी त्याला आंघोळ मी घालायचे. पाण्यातून काढलं की रडायचा." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा आमच्याच दुकानातला आहे, काच मी स्वतः बसवून दिलेली आहे. वाफेने धुरकटलेली काच एकदा पुसली की भागते. त्यांनी ती पुष्कळ वेळा पुसली.

यानंतर हवालदारांनी किल्ली व फवाऱ्याची बाटली ताब्यात घेतली व आम्हा दोघींना ठाण्यात आणले. नणंद सध्या समोरच्या बाकावर बसल्या आहेत आणि ठाण्याच्या खिडकीतल्या कुंडीकडे बघून मान हलवत आहेत.

अंमलदारांनी मला सांगितले, की परवानगीशिवाय घरात शिरणे हा गुन्हा आहे, माझी तक्रार असेल तर सदर महिलेवर कारवाई होईल, त्यांना आज घरी जाता येणार नाही, व किल्ली इथेच जमा राहील. तसेच विचारले, की नाते काय लिहू? मृत पतीची बहीण, असे लिहू का? मी सांगितले, नुसते नणंद लिहा. त्यात कोण आहे आणि कोण नाही, हे लिहावे लागत नाही.

तरी माझे म्हणणे असे की, सदर महिला माझ्या घरात माझ्या परवानगीने आल्या. ही परवानगी मी आज देत असून ती मागच्या सर्व दिवसांना लागू धरावी. अंमलदार म्हणाले, "बाई, परवानगी अशी मागच्या तारखेपासून देता येत नाही." मी म्हणाले, "साहेब, आमच्या घरात सगळंच उशिरा पोचतं. गरम पाणीसुद्धा." त्यांनी लिहून घेतले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. किल्ली सदर महिलेला परत द्यावी, माझ्या हाती देऊ नये. बाटलीही त्यांचीच आहे. झाडाचा मुक्काम यापुढे बाथरूममध्ये राहील. मी यापुढे गरम पाण्याने आंघोळ करावी, अशी मागणी नणंदांनी बाकावरून केली आहे. ती मी मान्य केलेली नाही. फेटाळलेलीही नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो बाकावरूनही ऐकू गेला. त्यावर नणंदांनी अशी दुरुस्ती सांगितली की, पाणी 'रोज पेलाभर' घालायचे नसते, मातीत बोट घालून बघायचे, ओल वाटली तर थांबायचे, आणि हे जबाबात नसेल तर तो अपुरा आहे. दुरुस्ती घेतली. दुरुस्तीसह जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. फक्त निघताना गरम पाण्याचा नळ बंद केला की नाही, हे आम्हा दोघींपैकी एकीलाही आठवत नाही, त्यामुळे आरसा आत्ता पुरता पांढरा झाला असेल. तरी आम्हाला एकत्रच आणि लवकर सोडावे, ही विनंती.