साहेबांची मीटिंग

आम्हाला रांगेत उभं करणाऱ्यांना रांग म्हणजे काय, ते कधी कळलंच नाही.

यवतमाळच्या खरेदी केंद्रावर आमची कापसाची गाडी तीन दिवस उभी होती. आभाळ भरून आलं होतं आणि भिजलेल्या कापसाला कोणी हात लावत नाही. प्रत ठरवणारे साहेब मात्र मीटिंगमध्ये होते. वैतागून मी चहाला समोर गेलो, तर साहेब शेजारच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये! साहेब बटणं दाबत होते आणि पडद्यावर सिनेमातला हिरो डावीकडून उजवीकडे धावत गुंड लोळवत होता.

"साहेब, पाणी येऊन राह्यलं!" मी ओरडलो.

"थांब ना बे, शेवटची लाईफ आहे."

मी पुढे घुसून त्यांचा हात धरला, तसा पार्लरवाला खेकसला, "ओ भाऊ, मधात कायले घुसता? नंबर लावा!"