रिकामी परात

मी कात्रजचाच. आता कुनी इचारलं तर पुन्याचा म्हनतो, पन माझ्या जल्माच्या टायमाला पुनं लांब व्हतं, तळ्याच्या वरल्या अंगाला आमची ज्वारीची दोन वावरं, आन् बाप म्हनायचा पुन्याला जाऊन येतो, म्हंजी अख्खा दिवस गेला. मंग पुनंच आमच्या दारात आलं. वावरं गेली, इमारती झाल्या, राह्यला तो रस्त्याकडंचा एवढा तुकडा, त्याच्यावर माझं हे पत्र्याचं ग्यारेज. काय सांगू ताई तुम्हाला, लोकांना वाटतं ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हंजी छातीचा मानूस. तसलं काही न्हाई. मी पहिल्यापासनं भित्रा, लहानपनी बैलाला भ्यायचो, मोठेपनी ट्रॅक्टरला भ्यायला लागलो, एवढाच फरक.

भ्यायला कारन हाय. हडपसरला ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं. क्लच प्लेट बदलायची म्हंजी ट्रॅक्टरचे मधनं दोन भाग करावे लागतात, इंजिन एकीकडं, मागची चाकं एकीकडं, खाली जॅक आन् लाकडी ठोकळे, आन् त्या फटीत मिस्त्रीनं हात घालायचा. उस्तादांचा एक ठोकळा सरकला व्हता. त्यांनी मला पाना द्यायच्या आधी परात दिली. जे जे बसवायचं हाय ते ते परातीत, आन् परात रिकामी झाल्याबिगर हात धुवायचे न्हाईत. हे मी कधी मोडलं न्हाई. एकदाच मोडलं, ते सांगतो.

आमची सुमन लग्न होऊन आली तवा तिला नट कुठला आन् बोल्ट कुठला ते ठावं न्हवतं. मंग डिझेलमधी सामान धुऊन द्यायला लागली, मंग हातात द्यायला लागली, मंग मी मागायच्या आत द्यायला लागली. ती डावरी. एखादी पिन तिनं वाकवली तर टोकं उलट्या अंगाला वळायची, मी हसायचो, म्हनायचो, बघ, तुझी पिन रुसून बसली. पन गिऱ्हाईक आलं की ती मागं जायची. बाईमानूस ट्रॅक्टरला हात लावतंय म्हनल्यावर लोक दुसरीकडं जातील, ह्याचंबी मला भ्याच.

तवा पुन्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या यायला लागल्या व्हत्या, मोबाइल आमच्यासारख्याकडं कुठला. घाटापलीकडनं आबा आले, बागायतदार मानूस, ट्रॅक्टर बुटका, झाडांच्या ओळीतनं फिरनारा, पन लई जुना. क्लच दाबला तरी गिअर करकरायचा, आन् पावर स्टेरिंगचं तेल गळून गळून स्टेरिंग इतकं जड झालेलं की आबा म्हनले, मिस्त्री, वळन आलं की मी आधी देवाचं नाव घेतो. तीन दिवस खपलो. क्लच प्लेट तेलानं भिजलेली, ती बदलली, इंजिनच्या मागचं सील बदललं, स्टेरिंगच्या सिलेंडरची सगळी सीलं नवी घातली, दोन्ही भाग जोडले. जोडताना स्टेरिंगचा सोडलेला रॉड परत लावायचा, त्याचा नट आवळायचा, आन् नटातनं एक पिन आरपार घालून तिची टोकं वाकवायची. कॉटर पिन म्हनतात, करंगळीएवढीबी नसती. पन ती नसली की हादऱ्यानं नट सुटत जातो, आन् नट पडला की मंग स्टेरिंग तुमच्या हातात फिरतंय आन् चाकं आपल्या मनानं चाललीत.

नट आवळला, नवी पिन परातीत, आन् आबांची हाक आली. त्यांच्या लेकीचं लग्न व्हतं, घरच्या बाया पुन्यात बस्ता बांधून आल्या व्हत्या, लुगड्यांची गाठोडी ट्रॉलीत टाकलेली, सात-आठ बाया, त्यातच नवरी, आन् आबा नारळ घेऊन उभे. मिस्त्री, मुहूर्त चाललाय, या. म्हनलं आलोच, एवढं एक राह्यलंय. आवो, झालंय की सगळं, या. मी हात धुतले. परातीत पिन असताना हात धुतले, ताई. नारळ फुटला, हळद-कुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवला, आन् पूजा झालेल्या गाडीला परत पाना लावायचा न्हाई ही आमच्याकडची रीत, त्या गडबडीत माझ्या डोक्यातनंच ती पिन गेली. आबांनी लिंबू चिरडून ट्रॅक्टर काढला, ट्रॉली जोडली, गेले घाटाला. सुमन पूजेत न्हवती. तिला कावळा शिवला व्हता, त्या चार दिवसांत सामानालाबी शिवायचं न्हाई, म्हनून ती ट्रॅक्टरच्या पलीकडच्या अंगाला एकटी बसलेली.

त्या चार दिवसांत भात मीच टाकायचो. जेवायला बसलो, पहिला घास उचलला, आन् हाताला आठवलं. नट आवळल्याचं आठवत व्हतं, पिन वाकवल्याचं न्हाई. पळत गेलो, बघतो तर परात रिकामी. दुसरा कोन असता तर निवांत झाला असता, मला दरदरून घाम फुटला, कारन मी बसवली न्हाई हे मला पक्कं ठावं, मंग पिन गेली कुठं. नारळाच्या पान्यानं चिखल झाला व्हता, त्यात बोटं घालून चाचपलं. न्हाई. सुमनला इचारावं हे डोक्यातच आलं न्हाई. ती बाजूला व्हती, ती कशाला हात लावतीय. मोपेड काढली आन् निघालो.

तो घाट मी हजारदा चढलोय, पन त्या दिवशीचा घाट मला आजबी सपनात दिसतो. प्रत्येक वळनाला आधी कठडा बघायचो, तुटलाय का, मंग खाली बघायचो, मंग म्होरं. म्हनायचो आत्ताच स्टेरिंग हलकं करून दिलंय, आबा खुशीत जोरात चालवनार. एका वळनाला मानसांचा घोळका दिसला आन् मी कचकन ब्रेक दाबला, मोपेड तशीच आडवी झाली. उठून लंगडत गेलो. ट्रकचं इंजिन तापलं व्हतं, लोक पानी वतत व्हते. मी तिथंच रस्त्यावर बसून रडलो, लाज वाटत न्हाई मला सांगायला. ड्रायव्हर म्हनला, काका, कोन गेलं का तुमचं? परत मोपेड उचलली. बोगद्यात अंधार, माझं आपलं एकच, नवरी हाय रं ट्रॉलीत, नवरी हाय.

बोगदा संपला, उतार लागला, आन् दुसऱ्या वळनावरच्या च्याच्या टपरीपुढं ट्रॅक्टर उभा. बाया च्या पीत बसलेल्या. मी तसाच पुढच्या चाकाखाली उताना शिरलो.

पिन व्हती. नटातनं आरपार, टोकं नीट वाकवलेली. उलट्या अंगाला.

आबा वाकून म्हनले, मिस्त्री, काय झालं, पूजा झालीय की गाडीची. खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, मी इसरलो हे एक, आन् पूजा चालू असताना कुनाचा हात लागला हे दुसरं. माझ्यानं दोन्ही झालं न्हाई. म्हनलं, काही न्हाई आबा, वळनाला कसा चालतोय ते बघायला आलो. नवरीनं मला च्या दिला. तो पिऊन मोपेड घराकडं वळवली.

घरी आलो तर सुमन रस्त्यात उभी, तोंड पांढरंफटक. मी काय बोलायच्या आत म्हनली, आवं, तुमी मोपेडवर तसं पळालात, ट्रॅक्टरला काय झालं न्हाई ना? म्हनलं, तुला ठावं हाय? तर मटकन खाली बसली, रडायला लागली. म्हनली, माझं चुकलं, परातीत पिन दिसली, समदे हात जोडून डोळं मिटून व्हते, मी पलीकडनं घातली, न्हाई ऱ्हावलं, पन मी बाजूला असताना गाडीला शिवले, नारळ फुटतानाच शिवले, आता त्या पोरींना काय झालं तर माझ्या हातानं झालं.

काय सांगू ताई. माझ्या चुकीनं मरतील म्हनून मी घाटात मेलो, आन् हिच्या हातानं वाचले तर ही हितं भ्यानं मेलेली. मी भर रस्त्यात तिचा हात धरला, त्या दिवसांत धरायचा नसतो तरी धरला, ग्रीसनं काळा झालेला डावा हात. म्हनलं, तुझ्यामुळं ती बाजारातनं आनलेली लुगडी आता लग्नात नेसायला मिळनार हायत. तिचं रडनं थांबेना, माझंबी थांबेना.

तवापासनं आमच्या ग्यारेजात पूजा सगळं काम झाल्यावर, अगदी शेवटी. तिच्या आधी सुमन समद्या पिना बघती, दिवस कुठलाबी असू द्या, आन् गिऱ्हाईकाच्या तोंडावर बघती. दोन-चार जन गेले सोडून. जाऊ द्या. पोरगी हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करती, ती म्हनती, बाबा, आमच्याकडंबी असंच, एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासल्याबिगर म्होरं जात न्हाई.

भ्या गेलं का म्हनाल तर न्हाई गेलं. आता सुमनच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय, एकाचं आपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय, आन् तिला कमी दिसतंय, हे माझं नवं भ्या. ती म्हनती, डोळं कशाला लागतात. डावा हात खाली घालती, बोटानं चाचपती, एक एक पिन. मी आपला परात घेऊन उभा. मंग म्हनती, हां, हाय. तवा मी हात धुतो.